बायोस पासवर्डने अडकलेला जुना संगणक पुन्हा कसा वापरात आणावा

मोठ्या कंपन्या आपले संगणक काही वर्षे वापरून एकगठ्ठा विकतात किंवा भाडेकराराची मुदत संपली की परत करतात. हीच यंत्रे पुढे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून आणि तेथून जिल्ह्याच्या गावांतील दुकानांतून विद्यार्थ्यांच्या, लहान व्यावसायिकांच्या आणि शाळांच्या हाती येतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटबुक, लेनोव्हो थिंकपॅड ही त्यांतली नेहमीची नावे आहेत. ही यंत्रे मजबूत असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात, म्हणून मर्यादित पैशांत संगणक घेणाऱ्याला मी नेहमी हीच सुचवतो. मात्र ती कार्यालयीन वापरासाठी बनलेली असल्याने त्यांच्यावरची कुलपेही तितकीच पक्की असतात, आणि घरी आणलेल्या यंत्राने पहिल्याच दिवशी, बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा यंत्राचा मूळ प्रोग्रॅम सुरू होतानाच, अनोळखी पासवर्ड मागितला की घेणारा हवालदिल होतो. अशा वेळी घाईने पेचकस हाती घेऊ नये. आपल्यासमोर कोणते कुलूप आहे, ते यंत्राच्या कोणत्या भागात साठवलेले आहे आणि यंत्र आपलेच आहे हे दाखवणारा कागद आपल्याजवळ आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मार्ग बहुतेक वेळा सापडतो, आणि जेथे सापडत नाही तेथे निदान पैसे वाया जात नाहीत.

कुलूप कोणते, ते आधी ओळखा

यंत्र सुरू केल्यावर पासवर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर मागितला जातो ते पाहावे आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. यंत्र विंडोजपर्यंत व्यवस्थित जात असेल, पण सुरुवातीला एफ२, एफ१०, एफ१ किंवा डिलीट ही कळ दाबून सेटिंगमध्ये शिरताना पासवर्ड मागितला जात असेल, तर तो सुपरवायझर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड होय. असे यंत्र रोजच्या कामाला चालते. फक्त पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकणे, बूटचा क्रम (यंत्राने आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे तो) बदलणे अशी कामे अडतात. कंपनीचे बोधचिन्ह दिसताच, काहीही सुरू होण्यापूर्वी पासवर्ड मागितला जात असेल, तर तो पॉवर-ऑन किंवा सिस्टिम पासवर्ड असतो आणि तो दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही. तिसरा प्रकार हार्ड डिस्कच्या पासवर्डचा. तोही त्याच सुमारास मागितला जात असल्याने पुष्कळ जण त्याला बायोसचाच पासवर्ड समजतात, पण तो मदरबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट बोर्डावर, नसून डिस्कमध्येच साठवलेला असतो. थिंकपॅडवर हा फरक चित्रांतून दिसतो: कुलपाशेजारी संगणक असेल तर पॉवर-ऑन, माणसाची आकृती असेल तर सुपरवायझर आणि नळकांड्यासारखी डिस्क असेल तर हार्ड डिस्कचा पासवर्ड.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात असेल, तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कवर घातलेले कुलूप आहे, आणि विंडोजच्या खात्याचा पासवर्ड तर त्याहूनही पुढची पायरी आहे. या दोन्हींचा बायोसशी संबंध नाही. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले की ती अडचण मिटते, आणि जुन्या मालकाची माहिती तशीही आपण ठेवायची नसते.

अंदाजाने पासवर्ड टाकत बसण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासून पाहावी. वापरलेल्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरची एखादी कळ बंद पडलेली असते, आणि मग विक्रेत्याने सांगितलेला अगदी बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड जोडून, कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहून तोच पासवर्ड पुन्हा टाकावा. परदेशातून आलेल्या यंत्रांवर जर्मन किंवा फ्रेंच कीबोर्ड असू शकतो. त्यावर काही अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात, तर बायोस अनेकदा अमेरिकी मांडणीच गृहीत धरतो. तीन वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यावर बहुतेक यंत्रे थांबतात आणि काही यंत्रे पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक दाखवतात. तो क्रमांक पुढे सेवा केंद्रात लागू शकतो, म्हणून त्याचाही फोटो घ्यावा.

कागदपत्रे आणि मूळ मालक

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. यंत्राच्या तळाशी किंवा मागील बाजूस असलेला अनुक्रमांक उतरवून घ्यावा. डेलच्या यंत्रावर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. हा क्रमांक आपल्या बिलावर आहे का ते पाहावे. नसेल तर विक्रेत्याकडून अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि विक्रेत्याची सही असलेले बिल आताच करून घ्यावे. यंत्र एखाद्या व्यक्तीकडून घेतले असेल, तर साध्या कागदावर लिहून घेतलेली विक्रीपावती आणि सोबत ओळखपत्राची प्रत चालते.

त्यानंतर मूळ मालकाचा शोध घ्यावा. कार्यालयीन यंत्रावर बहुधा मालमत्ता क्रमांकाची छोटी पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर कंपनीचे नाव असते. विक्रेत्यामार्फत किंवा थेट त्या कंपनीच्या आयटी विभागाला अनुक्रमांकासह ईमेल लिहावा, यंत्र कोठून आणि केव्हा घेतले ते सांगावे आणि बिलाची प्रत जोडावी. व्यवस्थित चालणाऱ्या आयटी विभागाकडे अशा पासवर्डची नोंद असते. यंत्र रीतसर विकलेले असेल, तर ते पासवर्ड कळवतात किंवा विक्रेत्याला काढून देण्यास सांगतात. हा उपाय संथ वाटतो, पण त्यात एकही स्क्रू उघडावा लागत नाही आणि पुढे कोणती अडचणही उरत नाही.

ते यंत्र आपण विकलेलेच नाही, असे उत्तर कंपनीकडून आले, तर तेथेच थांबावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची वस्तू चोरीची असल्याचे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे स्वीकारणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजेच हे उत्तर मिळाल्यानंतर यंत्र गुपचूप उघडून वापरणाऱ्याची बाजू कमकुवत होते. बिल आणि तो ईमेल घेऊन पोलीस ठाण्यात जावे आणि विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत. विक्रेता दुकानदार असेल आणि दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. यंत्र चोरीचे नसूनही कुलूपबंदच विकले गेले असेल आणि विक्रेत्याने ते सांगितले नसेल, तरीही ही तक्रार करता येते. म्हणूनच माझा आग्रह असतो की विक्रेत्याला पहिल्याच दिवशी लेखी कळवावे. यंत्र आपण उघडल्यानंतर तो सगळा दोष आपल्यावर ढकलू शकतो.

मूळ मालक सापडत नसेल, तर निर्मात्या कंपनीकडे जावे. डेलच्या संकेतस्थळावर मालकी हस्तांतराचा अर्ज आहे. तो मंजूर होऊन सर्व्हिस टॅग आपल्या नावावर आला की त्यांच्या सेवा विभागाशी बोलणे सोपे जाते. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर फर्मवेअर पासवर्ड (बायोस पासवर्डसारखाच प्रकार) असेल, तर मूळ खरेदीची पावती घेऊन ॲपलच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे लागते. लेनोव्होने मात्र थिंकपॅडच्या पुस्तिकांत स्पष्टच लिहिले आहे की विसरलेला सुपरवायझर पासवर्ड ते काढून देऊ शकत नाहीत. खरेदीचा पुरावा दाखवून, शुल्क भरून मदरबोर्ड बदलून घ्यावा लागतो. यंत्राची किंमत आणि मदरबोर्डचा खर्च यांचा हिशेब येथेच मांडावा.

डेस्कटॉप संगणक: जम्पर आणि सेल

डेस्कटॉपवर परिस्थिती बरीच सोपी असते, आणि त्याचे कारण जुने आहे. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीपासून संगणकाच्या मूळ सेटिंग बॅटरीच्या आधारे टिकणाऱ्या सीमॉस स्मृतीत ठेवण्याची पद्धत पडली. वीजपुरवठा तुटला की ही स्मृती पुसली जाते, आणि पासवर्ड तेथेच असेल तर तोही जातो. आजही अनेक डेस्कटॉप बोर्डांवर पासवर्ड काढण्यासाठी निर्मात्यानेच दिलेली सोय असते. आपल्या नेमक्या मॉडेलची सेवा पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि पुढील कृती तिच्याशी ताडून पाहावी.

संगणक बंद करून वीजतार भिंतीतून काढावी, मॉनिटरसह सर्व तारा सोडवाव्यात आणि चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचे झाकण काढल्यावर कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि काम करताना अधूनमधून तो लावत राहावा. सिंथेटिक कपडे घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नये. आता बोर्डाचा स्वच्छ फोटो काढावा. जम्पर म्हणजे दोन बारीक खिळ्यांवर बसवलेली, नखाएवढी प्लास्टिकची टोपी; तिच्या आतली धातूची पट्टी त्या दोन खिळ्यांना जोडते. टोपीशेजारी बोर्डावर छापलेली अक्षरे वाचायला टॉर्च लागतो, आणि ती अक्षरे बारकाईने वाचणे हाच या कामातला कौशल्याचा भाग आहे.

डेल ऑप्टिप्लेक्सच्या अनेक मॉडेलांवर पी-एस-डब्ल्यू-डी या रोमन अक्षरांशेजारी पासवर्डचा जम्पर असतो. ती टोपी काढावी, झाकण न लावताही चालेल पण हात बाजूला ठेवून वीज जोडावी आणि संगणक सुरू करून विंडोजपर्यंत जाऊ द्यावा. टोपी काढली त्या क्षणी पासवर्ड पुसला जात नाही. टोपी नसताना यंत्र एकदा सुरू झाले की तो जातो. नंतर संगणक बंद करून, वीज काढून टोपी पुन्हा जागेवर बसवावी, कारण टोपी नसताना नवा पासवर्ड ठेवला तर तो पुढच्या वेळी टिकत नाही. एचपीच्या अनेक जुन्या कार्यालयीन डेस्कटॉपवर ई४९ या खुणेजवळ असाच पासवर्ड जम्पर असतो आणि त्याची कृतीही जवळपास हीच आहे. त्याच यंत्रांवर सीमॉस पुसण्याचे एक वेगळे बटणही असते. वीजतार भिंतीला जोडलेली असेल तर ते बटण काम करत नाही.

सुटे भाग जुळवून बनवलेल्या संगणकांच्या बोर्डांवर कृती उलटी आहे, आणि या फरकाकडे दुर्लक्ष झाले तर बोर्डाला इजा होऊ शकते. असूसच्या अनेक बोर्डांवर सी-एल-आर-टी-सी, एमएसआयच्या बोर्डांवर जे-बी-ए-टी-१ अशा खुणा दिसतात. तीन खिळे असतील तर पहिल्या-दुसऱ्यावरची टोपी काढून दुसऱ्या-तिसऱ्यावर पाच-दहा सेकंद ठेवावी आणि परत मूळ जागी आणावी. दोनच उघडे खिळे असतील तर तेवढाच वेळ ते पेचकसाच्या टोकाने जोडावेत. हे सर्व वीज पूर्ण काढलेल्या अवस्थेत करायचे, आणि टोपी पुसण्याच्या जागी असताना संगणक चालू करायचा नाही.

जम्पर सापडत नसेल, तर सीआर२०३२ हा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, ३ व्होल्टचा सेल काढावा. त्याच्या कडेची लहान पकड प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने हलकेच बाजूला केली की सेल वर उचलला जातो; धातूचे टोक खुपसू नये. सेल काढल्यावर चालू करण्याचे बटण पुन्हा काही सेकंद दाबावे, अर्धा तास थांबावे आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून सेल बसवावा. जुन्या यंत्रात हात घातलाच आहे तर सेल नवाच घालावा, म्हणजे तारीख-वेळ पुसली जाण्याचा त्रास टळतो. या उपायाला मर्यादाही आहे. अलीकडच्या कार्यालयीन डेस्कटॉपांवर पासवर्ड सीमॉसमध्ये नसून कायमस्वरूपी चिपमध्ये असतो, आणि तेथे सेल काढून फक्त घड्याळ मागे जाते. जम्परची सोयही मूळ मालकाला बंद करून ठेवता येते, अशी काही मॉडेले आहेत.

लॅपटॉप: येथे सेल काढून भागत नाही

लॅपटॉपची बॅटरी आणि आतला सेल काढून ठेवा, पासवर्ड जाईल, हा सल्ला सर्रास दिला जातो. काही जुन्या, घरगुती मॉडेलांवर तो लागू पडतोही. परंतु कार्यालयीन लॅपटॉपांत पासवर्ड ईईप्रॉम किंवा फ्लॅश प्रकारच्या चिपमध्ये असतो आणि ती चिप विजेशिवाय वर्षानुवर्षे माहिती जपते. त्यामुळे थिंकपॅड किंवा एलिटबुकची पट्टी-पट्टी सोडवून सेल काढणारा माणूस हाती काही न लागता नाजूक केबलच्या पकडी मात्र तोडून बसतो.

अशा लॅपटॉपसाठी मूळ मालक आणि निर्मात्याचे सेवा केंद्र हे दोन मार्ग आधी संपवावेत. पडद्यावर आलेला सांकेतिक क्रमांक देऊन मास्टर पासवर्ड मिळवून देतो, असे सांगणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांना पैसे देऊ नयेत आणि त्यांनी दिलेली फाइल तर मुळीच चालवू नये. डेलच्या बायोसमध्ये मास्टर पासवर्डची सोयच बंद करण्याचा पर्याय आहे, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या कंपन्या तो वापरतात. तेथे कोणताही क्रमांक उपयोगी पडत नाही.

शेवटचा पर्याय चिपपातळीवर काम करणाऱ्या दुरुस्तीकाराचा. तो बोर्डावरील आठ पायांची चिप प्रोग्रॅमरने वाचतो आणि दुरुस्त करून पुन्हा लिहितो. येथे दुकान निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, काम हाती घेण्यापूर्वी तो आपल्याकडे बिल मागतो का. न मागणाऱ्याकडे चोरीची यंत्रेही येत असणार, आणि आपले यंत्र त्या रांगेत ठेवण्यात शहाणपण नाही. दुसरी, चिपमधील मूळ मजकुराची प्रत तो आधी काढून ठेवतो का. यंत्राचा अनुक्रमांक, विंडोजची मूळ परवाना-की आणि अनेकदा नेटवर्कचा पत्ता त्या मजकुरातच असतो. दुसऱ्या यंत्राची तयार फाइल त्यावर ओतली तर संगणक सुरू होतो खरा, पण विंडोज सक्रिय होत नाही किंवा लॅन पोर्ट चालत नाही. ती प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. खर्चाचा आकडा आधी लेखी घ्यावा आणि तो वापरलेल्या मदरबोर्डच्या किमतीशी ताडून पाहावा.

डिस्कचा पासवर्ड

हार्ड डिस्कवर पासवर्ड असेल तर मदरबोर्डवर काहीही केले तरी तो जात नाही आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ती उघडत नाही. सर्वांत सरळ उपाय नवी एसएसडी घालणे हा आहे. जुन्या यंत्राचा वेग त्याने इतका वाढतो की हा खर्च मी वाया गेलेला मानत नाही. डिस्क स्वतःच माहिती कूटबद्ध करणाऱ्या प्रकारची असेल, तर तिच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असू शकतो. निर्मात्याच्या साधनात तो भरला की डिस्क संपूर्ण पुसली जाऊन पुन्हा वापरता येते. आतली माहिती मात्र कायमची जाते, आणि ती आपली नसल्याने तसेच व्हायला हवे.

यंत्र उघडल्यानंतर

सीमॉस पुसल्यावर तारीख मागे गेलेली असते; ती आधी दुरुस्त करावी, नाहीतर ब्राउझरमध्ये सुरक्षित संकेतस्थळे उघडताना त्रुटी येतात. विंडोज सुरू होताना बूट डिस्क सापडत नसल्याची तक्रार आली, तर बहुधा बायोसमधील साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची, पद्धत रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट बदललेली असते. ती पूर्ववत केली की विंडोज चालू होते. पण माझ्या मते या जुन्या विंडोजला वाचवण्यापेक्षा डिस्क पूर्ण पुसावी, टीपीएम (कूटबद्धतेच्या किल्ल्या जपणारी चिप) रिकामे करावे आणि प्रणाली नव्याने टाकावी.

त्यानंतर बायोसच्या सुरक्षा विभागात ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस हा, यंत्रावर दुरून लक्ष ठेवणारा पर्याय शोधावा. तो कार्यरत दिसत असेल, तर यंत्र अजून जुन्या मालकाच्या देखरेखीखाली असू शकते, कारण ही व्यवस्था फर्मवेअरमध्ये राहते आणि डिस्क बदलली तरी विंडोजमध्ये आपला प्रोग्रॅम पुन्हा बसवते. ती फक्त मूळ मालकच उठवू शकतो, त्यामुळे त्या कंपनीशी पत्रव्यवहार करण्यावाचून दुसरा उपाय नाही. विंडोज टाकताना इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने साइन-इन मागितले गेले, तर यंत्र ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपन्यांची यंत्रे नोंदवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, नोंदलेले आहे आणि ती नोंदही तीच कंपनी काढू शकते.

हे सर्व ठीक असेल, तर बायोसची नवी आवृत्ती निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन, लॅपटॉपला चार्जर लावूनच बसवावी. स्वतःचा सुपरवायझर पासवर्ड ठेवायचा असल्यास तो खरेदीच्या बिलासोबत कागदावर लिहून ठेवावा, आणि यंत्र पुढे विकताना किंवा शाळेला देताना आधी काढून टाकावा.

घेण्यापूर्वी दुकानात करायची तपासणी

पुढचे यंत्र घेताना दुकानातच ते पूर्ण बंद करून सुरू करायला लावावे आणि आपल्या हाताने सेटिंगमध्ये शिरावे: डेल, एसर आणि असूसवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. सुरक्षा विभागात ॲडमिन आणि सिस्टिम या दोन्ही पासवर्डांसमोर ते ठेवलेले नाहीत असे लिहिलेले असावे. केवळ सेटिंग दिसणे पुरेसे नाही, कारण काही यंत्रे पासवर्डशिवायही ती वाचू देतात, बदलू मात्र देत नाहीत. म्हणून बूटचा क्रम बदलून, जतन करून, यंत्र पुन्हा सुरू करून तो टिकला का ते पाहावे. मोबाइलचे हॉटस्पॉट देऊन विंडोजची मांडणी पहिल्या साइन-इनपर्यंत नेऊन बघावी. त्यानंतर अनुक्रमांक घातलेले बिल हातात आले की मगच पैसे द्यावेत.